नाटक न बसवणाऱ्या नाटकाच्या बाई

आमच्या शाळेतल्या नाटकाच्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकही नाटक बसवलं नाही. रत्नागिरीत राहून असं काही लिहायला धाडस लागतं. इथे ज्याला दोन ओळी पाठ होतात, तो कधी ना कधी तोंडाला रंग लावून उत्सवात उभा राहिलेला असतो. ज्याला पाठ होत नाहीत तो पडदा ओढतो, आणि ज्याला पडदाही ओढता येत नाही तो दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभा राहून काल नाटक कुठे पडलं ते सांगतो. माझी स्वतःची रंगभूमीची सेवा ह्या तिसऱ्या प्रकारात मोडते. अशा गावात बाई वीसहून अधिक वर्षं 'नाटकाच्या बाई' म्हणून वावरल्या, शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्या मुलांना घेऊन त्यांनी एकदाही तिसरी घंटा दिली नाही. कोणी छेडलंच तर शांतपणे म्हणायच्या, "मी नाटक शिकवत नाही. मी नाटकातून शिकवते." ह्या दोन वाक्यांत फरक आहे हे मला कित्येक वर्षं कळलंच नव्हतं. मी त्या शाळेचा हेडक्लार्क, म्हणजे शाळेच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचा 'भाऊसाहेब'. दाखले, हजेरीपट, सेवापुस्तकं आणि संस्थेच्या सभांची इतिवृत्तं ह्यांत माझं आयुष्य गेलं, आणि कागदावर जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

बाई पहिल्यांदा ऑफिसात आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी माझा एक फॉर्म अडला. उंच, सडसडीत, खांद्याला एक जाडाभरडा झोळा, आणि झोळ्यातून काढलेली पदव्यांची चळत. नाट्यशास्त्र, बालरंगभूमी, शिक्षणशास्त्र, शिवाय दिल्लीकडच्या कसल्या तरी दीर्घ प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. एवढं शिकलेलं माणूस तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचेच पैसे ह्या बोलीवर, आमच्याकडे का आलं असेल ह्याचं मला नवल वाटलं. पण फॉर्ममध्ये नवल लिहायला जागा नसते. 'अध्यापनाचा विषय' ह्या रकान्यापाशी मी थांबलो आणि विचारलं, "विषय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "सगळे." मी म्हटलं, "सगळ्या विषयांना आमच्याकडे शिक्षक आहेत." त्या म्हणाल्या, "असू देत की. माझी हरकत नाही." शेवटी मी 'इतर' असं लिहून मोकळा झालो. बाईंनी कागद स्वतःकडे फिरवून वाचला, आणि खरोखरच्या उत्सुकतेनं मला विचारलं, "ह्या 'इतर'मध्ये अजून कोण कोण आहे हो?" कोणीच नाही, तुम्ही एकट्याच, असं सांगितल्यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यानंतर दर जूनमध्ये मी त्यांच्या नेमणुकीचा एक वर्षाचा आदेश टाइप करत असे आणि दर जूनमध्ये त्या तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचत असत.

उत्सुकता हा त्यांचा एकमेव छंद होता आणि तो त्यांना फार महागात पडत असे. दोन बांगडे आणायला म्हणून मिरकरवाड्याला गेलेल्या बाई दीड तासाने रिकाम्या हाताने परत येत, पण मासे विकणाऱ्या मावशींची सून माहेरी का जाऊन बसली आहे ते त्यांना सविस्तर माहीत झालेलं असे. एकदा मी सोबत होतो. मावशी वैतागून म्हणाल्या, "घ्यायचं आसल तं घ्या बाय, नायतं बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलाय." बाईंनी विचारलं, "मावशी, ताजं आहे हे कळतं कशावरून?" मावशी म्हणाल्या, "डोळं बगायचं." "कुणाचे?" "माशाचं बगायचं. नि इकणाऱ्याचं पन बगायचं." बाईंनी तिथेच उभ्या उभ्या ते वहीत उतरवून घेतलं. पुढचा आठवडाभर नववीच्या वर्गात मासेविक्रेते, वकील, पुढारी आणि औषध विकणारे वैदू ह्यांचा बाजार भरला होता आणि मुलं एकमेकांच्या डोळ्यांत रोखून पाहत, कोण खरं बोलतंय ते ठरवत होती. नागरिकशास्त्राच्या सरांनी माझ्याकडे तक्रार केली की मुलं आता त्यांच्याही डोळ्यांकडे बघतात.

त्यांच्या त्या झोळ्याबद्दल एक स्वतंत्र प्रकरण लिहायला हवं. त्यात गंजलेल्या किल्ल्या असत, अर्धं फाटलेलं पत्र असे, काच नसलेला चष्मा असे, आणि एकदा एका पायाची, लहान मुलीची, पट्टा हाताने शिवलेली चप्पल होती. ती चप्पल बाईंनी सहावी ब च्या टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "ही कुणाची असेल?" झालं. पोरांनी त्या चपलेवरून एक मुलगी उभी केली. ती पावस गावाच्या पलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, राहते, तिची आई आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला जाते, बाप मुंबईला आहे आणि तो गणपतीला येतो म्हणाला होता पण आला नाही, असं सगळं महिनाभरात ठरलं. ती शाळेपर्यंत किती चालत असेल ह्याचं गणित मांडलं गेलं, कातळावर अनवाणी चाललं तर पायाला काय होतं हे तपासायला तीन मुलं भर दुपारी मैदानात चालून आली आणि त्यांच्या पायाला फोड आले. इतक्यात आमचा शिपाई नाना, ज्याची नोकरी माझ्याहून जुनी, त्याने झाडलोट करताना ती चप्पल कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी अख्खी सहावी ब ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, आणि त्यातली एक मुलगी कापऱ्या आवाजात म्हणाली, "आमच्या मुलीची चप्पल टाकून दिली." नानाने मधली सुट्टी उकिरड्यात घालवून चप्पल शोधून आणली. चार दिवसांनी तो बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारत होता, "बाय, तिचा बाप आला काय मुंबयहून?"

बाईंचे नियम मोजकेच होते, पण त्यांत तडजोड नव्हती. पहिला नियम असा की खोलीत बघ्याला जागा नाही. जो दारातून आत आला तो नाटकात आला, मग तो विद्यार्थी असो, मुख्याध्यापक असो की पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन असो. दुसरा नियम शालीचा. बाईंकडे एक विटकी तपकिरी शाल होती. ती खांद्यावर आली की बाई बाई राहत नसत. कधी दवंडीवाल्या होत, कधी जहाज बुडालेला खलाशी, कधी शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला परका माणूस, आणि मग त्या परक्या माणसाला शाळा म्हणजे काय ते समजावताना मुलांना घाम फुटे. शाल उतरवली की नाटक संपलं. मग सगळ्यांना गोल बसवून त्या एकेकाला त्याचं खरं नाव विचारत, आज काय जेवलास ते विचारत, आणि माणूस पुरता आपल्या जागी आला ह्याची खात्री पटली की सोडत. हे शेवटचं काम त्या कितीही घाई असली तरी टाळत नसत. म्हणायच्या, "आत नेलेल्या माणसाला बाहेर आणून सोडावंच लागतं, भाऊसाहेब. नाहीतर ते बिचारं तिथेच राहतं." मला हा जरा जास्तच सोवळेपणा वाटे.

एकदा एक मोठे अधिकारी शाळा तपासायला आले आणि पहिल्या नियमाप्रमाणे माशांच्या लिलावात सापडले. बाई लिलाव पुकारत होत्या. साहेब सुरुवातीला रुमालाने तोंड पुसत उभे राहिले, मग त्यांनी सहज म्हणून एक बोली लावली, मग सातवीतल्या एका पोराने त्यांच्याहून चढी बोली लावली तेव्हा साहेबांना राग आला, आणि शेवटी सुरमईची अख्खी टोपली त्यांनी पटकावली. त्यांना बाईंनी रीतसर बाहेर आणलं, नाव विचारलं, जेवण विचारलं. तरीसुद्धा चहा पिताना साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले, "टोपली जरा जास्तीच भावानं गेली." तपासणी अहवालात त्यांनी आमच्या शाळेबद्दल चार चांगले शब्द लिहिले, पण ते शब्द नेमके कशाबद्दल आहेत हे अहवालावरून समजत नव्हतं.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, पण संस्थेला आणि पालकांना ते गोड लागत नव्हतं. पालकांना स्नेहसंमेलनात आपलं पोर रंगीत कपड्यांत, फोटो येईल अशा उजेडात दिसायला हवं असे. आमचे अध्यक्ष, भाट्याचे जुने बागायतदार, सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचे आणि कडक बोलण्याचे. ते दरवर्षी बाईंना विचारत, "बाई, ह्या वर्षी तरी पडदा उघडणार काय?" आणि बाई दरवर्षी सांगत, "आमच्याकडे पडदा नाहीच आहे, साहेब." ह्या उत्तराची शिक्षा म्हणून की काय, बाईंना खोलीही नव्हती. त्या प्रयोगशाळेत शिकवत, तिथून रसायनांच्या बाटल्यांसाठी हाकललं की ग्रंथालयात, तिथून हाकललं की जिन्याखाली, आणि पावसाळ्यात सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. पत्र्यावर सरी कोसळत असताना मुलांना काय ऐकू येत असेल ते देव जाणे. एका जूनमध्ये आदेशावर सही करताना बाई पहिल्यांदा स्वतःबद्दल काही बोलल्या. म्हणाल्या, "मला पगाराचं एवढं नाही. एक खोली हवी होती. बाकं नसलेली. जिथे काल मांडलेलं आज तसंच सापडेल."

आणि ती खोली मिळायची वेळ आली. वरून कलाशिक्षणावर भर द्या अशी पत्रं येऊ लागली होती, त्या अधिकाऱ्यांचे चार शब्दही दप्तरात होते, आणि चित्रकलेचा जुना हॉल रिकामा पडला होता. संस्थेने स्वतःच्या बळावर 'नाट्यशिक्षण तज्ज्ञ' असं एक कायम पद निर्माण करायचं ठरवलं. पदाबरोबर हॉल. पण संस्थेच्या नियमात कायम नेमणुकीला वयाची अट होती आणि बाई त्या अटीला टेकल्या होत्या. त्या जूनच्या आत ठराव झाला तर झाला, नंतर नाही. हे बाईंना ठाऊक होतं आणि मला तर होतंच, कारण त्यांचा जन्मदाखला माझ्याच कपाटात होता. कार्यकारिणीने ठरवलं की आधी बाईंचा एक तास डोळ्यांनी पाहू आणि तिथल्या तिथे निर्णय घेऊ. म्हणून त्या शनिवारची सभाच हॉलमध्ये भरली. विषय क्रमांक एक ते तीन, म्हणजे पाण्याची टाकी, कुंपण आणि एक रजेचा अर्ज, दहा मिनिटांत उरकले. विषय क्रमांक चार बाईंचा. मी इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलो.

आता कार्यकारिणीचे सात सदस्य तास बघायला आले होते, आणि बाईंच्या खोलीत बघ्याला जागा नव्हती. बाईंनी त्या सातांच्या खुर्च्या भिंतीपासून उचलून मधोमध ठेवायला लावल्या, समोर आठवीची मुलं जमिनीवर बसवली, शाल घेतली आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब लोक आले आहेत. बकुळवाडीचं गाव गोळा झालंय. नवा पूल झाला म्हणून आपली खाडीवरची होडी बंद करायची का, ते ठरवायला साहेब मुद्दाम आलेत. गावकऱ्यांचं ऐकून घ्यायचंय ना, साहेब?" अध्यक्ष गडबडले आणि म्हणाले, "घ्यायचंय, घ्यायचंय." तिथेच ते सापडले. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि हे साहेबांचे लेखनिक. गाव जे जे बोलेल ते हे लिहून घेतील." मला हसू आलं, पण मी पेन उघडलं.

पहिली दहा मिनिटं सदस्य नुसते घसा खाकरत होते. मग पावसकडून एस.टी.ने येणारी एक मुलगी, जी वर्गात उत्तर द्यायला उभी राहत नसे, ती म्हातारी होऊन पुढे आली आणि म्हणाली, "सायब, पूल हाय. पन पूल हितनं तीन कोस. होडी बंद झाली तं माजी लेक माहेराला यायची कशी? तीन कोस चालून कोन येतो काय माहेराला?" खजिनदार म्हणाले की रिक्षा करावी. त्यावर मागून एका पोराने विचारलं, "सायब, रिक्षा रस्त्यानं येते. आमच्याकडं रस्ता कुठं हाय?" दर सभेला डुलक्या काढणारे एक सदस्य आमच्याकडे होते, ते डोळे उघडून, पुढे सरकून बसले आणि भरती-ओहोटीच्या वेळा विचारू लागले. मग होडीवाला उठला. हा अगदी किरकोळ अंगाचा मुलगा. तो काही मागत नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "होडी किती वर्षं चालवतोस?" तो म्हणाला, "बापाच्या हातातनं घेतली, सायब. दुसरं काय येत नाय मला." अध्यक्ष पुढचा प्रश्न विचारायला म्हणून वाकले आणि तसेच राहिले. कोणाकडेच न बघता ते म्हणाले, "भाट्याचा पूल नव्हता तेव्हा आम्ही होडीनं शाळेला येत होतो. पूल झाला तेव्हा आम्ही पोरं त्याच्यावर नाचलो. होडीवाल्याचं पुढं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं." मग ते खुर्चीत ताठ बसले आणि तीस वर्षं ज्या आवाजात सभा चालवली त्याच आवाजात माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या, भाऊसाहेब. बकुळवाडीची होडी चालू राहील." डुलक्यांच्या सदस्यांनी अनुमोदन दिलं. बाकीच्यांनी हात वर केले. आठवीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी लिहून घेतलं.

ते मी कुठे लिहून घेतलं हे सांगायला मला अजून जड जातं. माझ्या मांडीवर संस्थेची इतिवृत्ताची वही होती, तिच्यात 'विषय क्रमांक चार' असं लिहून खाली जागा सोडलेली होती, आणि अध्यक्षांनी 'लिहून घ्या' म्हटलं की माझा हात तीस वर्षं त्याच वहीवर चालत आला होता. मी सूचक लिहिला, अनुमोदक लिहिला, 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि खाली रेघ मारली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात होडी वाचली ह्याचा आनंद होता, दुसरं काही नव्हतं. बाईंचा हात शाल उतरवायला खांद्याकडे गेला होता, इतक्यात नाना दारात येऊन म्हणाला, "पानं वाढलीत." झालं, साती सदस्य उठले. बाई म्हणत होत्या, "पाच मिनिटं बसा, अजून संपलेलं नाही," पण आमच्या कार्यकारिणीला जेवणाच्या हाकेनंतर थांबवणं कोणालाच जमलेलं नाही. अध्यक्ष दारातून जाताना बाईंना म्हणाले, "बाई, तुमचं काम झालंच म्हणून समजा." हात धुऊन पानावर बसण्याआधी सगळ्यांनी वहीवर सह्या केल्या, नेहमीप्रमाणे न वाचता. त्या दिवशी बाई मुलांसारख्या हसत होत्या, आणि संध्याकाळी मी जाताना पाहिलं तर त्या आणि नाना मिळून हॉलमधली बाकं व्हरांड्यात काढत होते.

पुढची सभा दीड महिन्याने, मेच्या अखेरीस झाली. सभेत आधी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं, आणि ते वाचायचं काम माझं. नवे सदस्य म्हणून एक वकील त्या दिवशी पहिल्यांदा आले होते, आणि नेमणुकीच्या कागदावर सह्या करायच्या म्हणून बाईंनाही बोलावून एका बाजूला बसवलं होतं. मी एका सुरात वाचत गेलो. टाकी, कुंपण, रजेचा अर्ज. "विषय क्रमांक चार. बकुळवाडी येथील खाडीवरील होडी पूर्ववत चालू ठेवण्यात यावी." 'होडी' ह्या शब्दापाशी काय लिहून बसलोय ते मला उमगलं, पण कारकुनाची जीभ वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. 'सर्वानुमते मंजूर' इथपर्यंत वाचून मी वही खाली ठेवली. वकील म्हणाले, "ही बकुळवाडी कोणत्या तालुक्यात येते?" डुलक्यांचे सदस्य चाचरत म्हणाले, "असेल खाडीच्या वरच्या अंगाला." वकिलांनी वही हातात घेतली, सह्या पाहिल्या आणि विचारलं, "आणि बाईंच्या नेमणुकीचा ठराव कुठे आहे?" तो कुठेच नव्हता.

वकील काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या लेखी कागद म्हणजे कागद, आणि तसं पाहिलं तर माझ्याही लेखी तेच होतं. त्यांनी सरळ मला विचारलं, "हेडक्लार्क, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?" माझ्यासमोर उत्तर होतं. अध्यक्षांच्या सांगण्यावरून, आणि वही चुकली ती माझ्या हातून. मला निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि दप्तरात खोटी नोंद केली असा ठपका आला तर निवृत्तिवेतन अडतं हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. अध्यक्ष टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. बाकीचे सहा जण पंख्याकडे बघत होते. आणि कोपऱ्यातून बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. लेखनिक सगळं लिहून घेतील असं मीच म्हटलं होतं." वकिलांनी चष्मा काढला आणि फार जपून शब्द वापरले. ज्या व्यक्तीच्या नेमणुकीचा विषय आहे तिनेच इतिवृत्तात भलतं काही लिहायला लावलं असेल, तर तीच नेमणूक पाठोपाठ मंजूर करणं संस्थेला शोभणार नाही, असं ते म्हणाले. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा जुलैत होती. वकिलांनी होडीच्या ठरावावर रेघ मारायला सांगितलं तेव्हा मात्र अध्यक्ष पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "ते राहू द्या. तो सर्वानुमते झालेला आहे." एवढंच ते करू शकले, आणि माझ्याकडून तेवढंही झालं नाही.

व्हरांड्यात मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "त्यात तुमचा काय दोष? आत मी नेलं होतं तुम्हाला, बाहेर आणायचं माझ्याच्यानं राहिलं." ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज मला त्यानंतर कितीतरी दिवसांनी वाटली. जूनमध्ये मी नेहमीप्रमाणे त्यांचा तासिका तत्त्वावरचा आदेश टाइप केला. बाईंनी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला आणि विचारलं, "भाऊसाहेब, टाइप करताना तुमचे ओठ हलतात. कुणाशी बोलता?" हॉलमध्ये संमेलनाचे पोशाख आणि पडदे ठेवले गेले, आणि बाई पुन्हा सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गेल्या. तिथे त्यांनी आणखी काही वर्षं काढली आणि मग गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा एका जूनला आदेश घ्यायला आल्या नाहीत. तोवर मीही निवृत्त झालो होतो, पूर्ण निवृत्तिवेतनासह.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेलो. भाट्याच्या बाजूला एका चुलत भावाच्या घरात त्या दोन खोल्यांत राहतात. दुपारची वेळ, मी ओले काजू नेले होते, आणि आम्ही पडवीत बसून ते सोलत होतो. चिकाने हात खराब होतात म्हणून त्यांनी मला खोबरेल तेलाची वाटी दिली आणि माझ्या नातवंडांची, माझ्या रक्तदाबाची, नानाच्या शेवटच्या आजारपणाची चौकशी केली. वाडीतली पोरं आजही येतात म्हणाल्या, पडवी पुरते. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोललो. म्हटलं, "बाई, त्या दिवशी सभेत मी खरं सांगणार होतो."

"ठाऊक आहे मला," त्या काजूवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमचा हात टेबलावरून उचलला गेलेला पाहिला मी. म्हणून तर घाई केली. तुमची दोनच वर्षं राहिली होती, भाऊसाहेब. तुम्ही बोलून बसला असतात."

हात उचलला होता हे खरं आहे. मलाही तो आठवतो. पण तो बोलण्यासाठी उचलला होता की पेनाला टोपण लावण्यासाठी, हे मला त्या दिवशीही नक्की माहीत नव्हतं आणि आजही नाही. बाईंनी मात्र तो बोलण्यासाठीच उचललेला आहे असं धरलं, आणि तेवढ्यावर आपली खोली सोडून दिली.